वखारीच्या वहीत कोणाकोणाची नावे?

जिंतूरजवळच्या नेमगिरीवर, डोंगराच्या पोटातील गुहामंदिरांत, भगवान नेमिनाथांचे दर्शन घेण्यासाठी परभणी जिल्ह्यातील श्रावक पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. नेमिनाथांची कथा घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. राजुलशी विवाहासाठी निघालेली वरात, वाटेत कोंडून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश, आणि रथ मागे फिरविण्याची आज्ञा. या कथेचा विचार आपण नेहमी करुणेच्या अंगाने करतो. पण तिच्यात हिशेबाचे एक सूत्रही दडलेले आहे. त्या विवाहाच्या व्यवस्थेत यजमान होते, पाहुणे होते, सेवक होते. प्रत्येकाचा मान आणि वाटा ठरलेला होता. ज्यांच्या जिवावर मेजवानी व्हायची, त्या पशूंचे नाव मात्र कोठेच नव्हते. नेमिकुमारांनी त्यांना हिशेबात घेतले आणि सगळा हिशेबच बदलून गेला.

व्यापारात आज ज्यांना ‘हितसंबंधी’ म्हणतात, त्यांचा विचार याच सूत्रावर उभा आहे. कंपनीचे भागधारक म्हणजे तिचे मालक. परंतु कंपनीच्या बऱ्यावाईटाची झळ ज्यांना पोहोचते ते सगळे मालक नसतात. माल विकणारा, माल घेणारा, राबणारा, कर्ज देणारा, शेजारी राहणारा आणि अजून न जन्मलेला, अशा सर्वांचा त्यात संबंध येतो. आपल्या देशाच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने कलम १६६ मध्ये संचालकांचे कर्तव्य सांगताना भागधारकांच्या बरोबरीने कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. हे कर्तव्य प्रत्येक धंद्याला लागू असले, तरी लाकडाच्या धंद्यात ते सर्वांत कठीण होऊन बसते. कारण त्या धंद्याचा कच्चा माल हाच एक जीव आहे.

वनकर्म : निषिद्ध की मर्यादित?

श्रावकाने कोणत्या उपजीविका टाळाव्यात याचा विचार आपल्या परंपरेने फार बारकाईने केला आहे. ‘उपासकदशांग’ या आगमात आनंद श्रावकाच्या प्रकरणात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत कोळसा पाडण्याचा ‘अंगारकर्म’ हा पहिला धंदा आहे आणि लगेच दुसरा आहे ‘वनकर्म’, म्हणजे वृक्ष तोडून विकणे. हीच यादी पुढे हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त येते आणि तेराव्या शतकातील दिगंबर पंडित आशाधर यांच्या ‘सागारधर्मामृता’तही तिचा विचार झालेला आहे. म्हणजे पंथभेद असला तरी या बाबतीत सावधगिरी सारखीच आहे.

मग लाकडाच्या धंद्यात असलेल्या श्रावकाने काय करावे? वखार बंद करावी, असे सांगणे सोपे आहे. परंतु ज्या घरात बसून आपण हे सांगतो, त्या घराची चौकट लाकडाची असते, देव्हारा लाकडाचा असतो, स्वाध्यायाची चौरंगीही लाकडाचीच असते. धंदा करणारा एक आणि त्याचा उपभोग घेणारे शंभर असतील, तर दोष एकट्याच्या माथी मारता येत नाही. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार करताना आचार्यांनी पहिली पूर्ण त्याज्य ठरविली आणि उरलेल्यांना विवेकाची मर्यादा घातली. ज्याला वनकर्मापासून दूर राहणे शक्य आहे, त्याने दूर राहावे. ज्याला वाडवडिलांपासून आलेला हा व्यवसाय सोडणे शक्य नाही, त्याच्यावर मर्यादेचे बंधन इतरांपेक्षा अधिक कडक आहे.

ती मर्यादा नेमकी कोणती, हेही शोधत बसावे लागत नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात प्रत्येक व्रताचे अतिचार सांगितले आहेत. अहिंसाव्रताचे आणि अचौर्यव्रताचे अतिचार एकत्र ठेवून पाहिले, तर लाकडाच्या कंपनीची संपूर्ण तपासणी-यादीच हाती येते.

रत्नागिरीला आलेला राजा

या यादीची कसोटी पाहण्यासाठी महाराष्ट्राशी जोडलेले एक उदाहरण पुरेसे आहे. रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये तेथे आणून ठेवले आणि १९१६ च्या डिसेंबरात त्याच गावी त्याचा अंत झाला. मंडालेचा राजा कोकणात का आला, या प्रश्नाच्या उत्तरात एका लाकूड कंपनीचे नाव येते.

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. ब्रह्मदेशातील सागाची जंगले तिने भाडेपट्ट्याने घेतली होती. १८८५ मध्ये ब्रह्मी दरबाराने तिच्यावर ठपका ठेवला की, जितके ओंडके जंगलातून बाहेर गेले तितक्यांवर राजाला स्वामित्वधन मिळाले नाही, आणि लाकूड तोडणाऱ्या स्थानिक कामगारांचे पैसेही थकविले गेले. दरबाराने वीस लाखांहून अधिक रुपयांचा दंड केला. कंपनीने आरोप नाकारले. इंग्रज सरकारने त्रयस्थ निवाड्याची मागणी केली, निर्वाणीचा खलिता पाठविला आणि नोव्हेंबरात युद्ध पुकारले. पंधरवड्यात मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश इंग्रजी साम्राज्यात विलीन झाला.

या युद्धामागे फ्रेंचांविषयीचा संशय आणि साम्राज्याची हाव होती, हे इतिहासकार सांगतात. केवळ ओंडक्यांच्या मोजणीसाठी राज्य बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही निमित्त तेच होते. दरबाराचे आरोप शास्त्राच्या शब्दांत मांडून पाहावेत. मोजणी कमी दाखविणे हा ‘हीनाधिकमानोन्मान’, राज्याचे देणे चुकविणे हा ‘विरुद्धराज्यातिक्रम’, आणि राबणाऱ्याची मजुरी अडविणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास अडविणे, हा ‘अन्नपाननिरोध’. आरोप खरे होते की रचलेले, हा वाद राहील. पण लाकडाच्या धंद्यात कलह कोठून सुरू होतात, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

माप : विकणारा आणि घेणारा

आता मंडालेहून परभणीला यावे. आपला जिल्हा काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीन-तुरीचा. जंगल असून नसल्यासारखे. येथील वखारीत येणारे गावठी लाकूड प्रामुख्याने शेताच्या बांधावरचे असते. बाभूळ, लिंब, चिंच, आंबा. ते विकणारा शेतकरी हौसेने विकत नाही. पाऊस दगा देतो, मुलीचे लग्न ठरते, दवाखान्याचे बिल येते, तेव्हा आजोबांनी लावलेल्या झाडाकडे त्याची नजर जाते. व्यापारी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि उक्ता भाव सांगतो. झाडात किती घनफूट माल आहे हे एकाला नेमके ठाऊक असते, दुसऱ्याला मुळीच नसते.

मोजून घेतले तरी प्रश्न संपत नाही. गोल ओंडका मोजण्याची जुनी रीत अशी : घेर मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने दहा घनफूट भरतो. भूमितीप्रमाणे त्याचे खरे घनफळ सुमारे १२.७ घनफूट असते. म्हणजे प्रत्यक्षातील शंभर घनफुटांपैकी साडेएकवीस घनफूट कागदावर येतच नाहीत. ओंडका चौरस करताना साल आणि कडेच्या फळ्या वाया जातात म्हणून ही सूट रूढ झाली. दोन्ही बाजूंना ती ठाऊक असेल आणि भाव तिच्यासह ठरला असेल, तर ती लबाडी नव्हे. मात्र एकालाच ठाऊक असेल, तर तोच मापातला अतिचार होतो. काटा खरा असून चालत नाही. समोरच्याला काटा वाचता आला पाहिजे. शेतकऱ्यासमोर टेप लावून, हिशेब कागदावर मांडून, त्याला समजावून देणारा व्यापारी थोडा नफा गमावतो. पण पुढच्या वर्षी शेजारच्या चार शेतकऱ्यांना तो शोधत जावे लागत नाही.

ग्राहकाच्या बाजूने हाच प्रश्न उलटा होतो. बल्लारपूरकडच्या सागाला मान आहे. बर्मा सागाचे नाव तर अजूनही आदराने घेतले जाते. आफ्रिकेतून आलेला साग ‘आपल्याकडचा’ म्हणून देणे, किंवा पांढऱ्या कच्च्या गाभ्यावर रंग चढवून पक्का म्हणून देणे, याला शास्त्राने ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हटले आहे. एका कुटुंबाने आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेल्या घराच्या चौकटीला तिसऱ्या पावसाळ्यात वाळवी लागते, तेव्हा वखारीचे बिल हरवलेले असते. फसवणूक मात्र राहते.

परवाना : चोरीचा माल

चोरी करण्यास प्रवृत्त करणे आणि चोरीचा माल विकत घेणे, हे अचौर्याचे दोन वेगळे अतिचार आहेत. स्वतः कुऱ्हाड न उचलणारा व्यापारीही त्यांतून सुटत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने लाकडाच्या वाहतुकीवर परवान्याचे नियंत्रण आणले. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाने साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी अनुसूचित झाडे खासगी जमिनीवर असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी सक्तीची केली. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी ऐतिहासिक आदेश दिला आणि पुढे २००२ पासून अनेक वर्षे केंद्रीय समितीच्या संमतीवाचून नव्या आरागिरण्यांना परवाने देण्यास राज्यांना मज्जाव केला. वन आगारातून लिलावात घेतलेल्या ओंडक्यावर शासनाच्या हातोड्याचा ठसा असतो, सोबत कागद असतो. ठसा आणि कागद जुळले, तर त्या लाकडाची वंशावळ सांगता येते.

ही जबाबदारी आता देशाच्या सीमेपुरतीही राहिलेली नाही. फरशीचे लाकूड विकणाऱ्या लंबर लिक्विडेटर्स या अमेरिकी कंपनीने रशियाच्या अतिपूर्वेकडील जंगलांतून बेकायदा तोडलेल्या लाकडाच्या प्रकरणात २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरली. ज्या जंगलातून ते लाकूड आले, तेथे सैबेरियन वाघाचा अधिवास होता. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर अमेरिकेने एप्रिलमध्ये तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. कारण सागाचा पैसा बंदुकीकडे जात होता. बर्मा साग मागताना तो कोणत्या मार्गाने आला, हे विचारण्याची जबाबदारी म्हणून आज अधिक वाढली आहे.

करवतीपुढे उभा असलेला माणूस

आरा मशीनवर काम करणाऱ्या माणसाचा हात पाहावा. एखादे बोट अर्धे असते. करवतीला जाळी नसते, असली तर काम लवकर उरकावे म्हणून काढून ठेवलेली असते. भुशाचा प्रश्न तर कोणी गंभीरपणे घेतच नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्येच लाकडाचा भुसा माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून पहिल्या गटात घातला आहे. नाकातोंडाला फडके बांधून हा धोका टळत नाही. भुसा ओढून घेणारी यंत्रणा लागते, खेळती हवा लागते.

अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे. बैलावर जास्त ओझे लादू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण लावतो. ओंडका खांद्यावरून वाहणाऱ्या हमालाला तो का लागू नसावा? मुंगीला वाट देणारा मालक कामगाराच्या बोटाची भरपाई देताना पावतीवर अंगठा घेऊन तोंड मिटवीत असेल, तर त्याचे प्रतिक्रमण अपुरे आहे. भरपाईच्या कायद्याने कामगाराला जे मिळायचे ते दया म्हणून नव्हे, देणे म्हणून दिले पाहिजे.

ज्यांनी झाड न पाहता पैसे दिले

लाकडाच्या कंपनीचे आणखी एक प्रकारचे हितसंबंधी असतात : पैसे गुंतविणारे. १९९० नंतरच्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचे पेव फुटले होते. तुमच्या नावाचे झाड लावू, वीस वर्षांनी लाखो मिळतील, अशा जाहिराती घरोघर पोहोचल्या. समजा, आज हजार रुपये भरून वीस वर्षांनी पन्नास हजार मिळतील असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ वीस वर्षे अखंड साडेएकवीस टक्क्यांहून अधिक चक्रवाढ दर असा होतो. झाड या गतीने वाढत नाही. वन विभागाच्या जंगलात सागाची तोड साधारण पन्नास ते ऐंशी वर्षांनी केली जाते. वीस वर्षांच्या सागात पक्का गाभा थोडाच असतो.

चेन्नईच्या अनुभव प्लँटेशन्सचा डोलारा १९९८ मध्ये कोसळला आणि देशभर हजारो कुटुंबांची बचत बुडाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये केंद्र सरकारने अशा योजना सेबीच्या कक्षेत आणण्याचे जाहीर केले होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले. तोवर अनेकांच्या मुलींच्या लग्नाची तरतूद कागदी झाडांवर अडकली होती. समाजातील ओळखीवर, ‘आपला माणूस’ सांगतो म्हणून, पैसे देण्याची रीत याही व्यवहारात कामी आली. बँकेच्या बाबतीतही हीच कथा लहान प्रमाणात घडते. कॅश क्रेडिटसाठी दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये विकून गेलेले ओंडके उभे राहतात. बँकेचा पैसा हा ठेवीदाराचा पैसा असतो, आणि ठेवीदार बहुधा एखादी निवृत्त शिक्षिका असते.

गाव आणि पुढची पिढी

जंगलाजवळच्या गावाचा हक्क काय, याचे उत्तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने दिले. पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या रानात राहूनही गावकऱ्यांना त्याच्यावर अधिकार नव्हता. बांबू कागद कारखान्याकडे जात होता. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जो कालपर्यंत मजूर होता, तो विक्रेता झाला. रान राखण्याची काळजीही मग त्यानेच वाहिली.

परभणीत असे रान नाही. म्हणूनच येथील प्रत्येक झाडाचे मोल अधिक. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना बांधावरच्या लिंबाखाली औताचे बैल, गडी आणि वाटसरू एकत्र उभे असतात. त्या सावलीचा दर कोणत्याच बिलात लावलेला नसतो. झाड गेल्यावर मात्र तिची किंमत सगळ्यांना भरावी लागते, आणि ती भरणाऱ्यांत पुढच्या पिढीचा वाटा मोठा असतो.

घेण्याजोगे नियम

जांभळाच्या झाडाची आणि सहा भुकेल्या वाटसरूंची लेश्याकथा पाठशाळेत सर्वांनी ऐकली आहे. एकाला झाड मुळासकट हवे असते. शेवटचा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. भूक सहाही जणांची सारखीच असते. वेगळी असते ती भुकेसाठी किती घ्यावे याची जाण.

ही जाण नियमांत बांधता येते. लाकडाच्या व्यवसायातील श्रावकाने परवान्यावाचून आलेला एकही ओंडका वखारीत उतरवून घेऊ नये. माप विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्हावे आणि त्याची प्रत त्याला मिळावी. लाकडाची जात व मूळ बिलावर लिहावे. करवतीची जाळी आणि कामगारांचा विमा यांचा खर्च नफ्याच्या आधी मोजावा. बांधावरचे एक झाड घेतले, तर त्याच शेतकऱ्याच्या बांधावर रोपे लावून ती तीन उन्हाळे जगविण्याची जबाबदारी घ्यावी. रोप लावल्याचे छायाचित्र पुरेसे नाही. दरवर्षी किती घनफूट लाकडाचा व्यवहार करायचा, याची मर्यादा परिग्रहपरिमाणात लिहून ठेवावी.

घेणाऱ्यांनीही मागे राहू नये. मंदिराच्या दारासाठी, रथासाठी, धर्मशाळेच्या छतासाठी लाकूड घेताना विश्वस्तांनी बिलासोबत वाहतूक परवाना मागावा आणि तो दप्तरी लावावा. भगवंतासमोर चोरीच्या लाकडाचे दार उघडले जाऊ नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

यावर एक उत्तर नेहमी येते : आपण कागद नसलेला ट्रक परत पाठविला, तर शेजारची वखार तो घेईल, झाड काही पुन्हा उभे राहणार नाही. हे खरे आहे, आणि परत पाठविणाऱ्याचे नुकसान होते हेही खरे आहे. पण नेमिकुमारांनी रथ फिरविला तेव्हा त्यांनी जगातील सगळ्या मेजवान्यांचा हिशेब मांडला नव्हता. जी मेजवानी त्यांच्या नावाने होणार होती, तेवढी त्यांनी थांबविली, आणि तिच्यासाठी स्वतःचे लग्न दिले. नेमगिरीच्या पायऱ्या उतरून वखारीच्या गादीवर बसणाऱ्या श्रावकाच्या हातीही तेवढेच असते : त्याच्या नावाने जो ओंडका उतरणार आहे, तो.